मंडईच्या दिवशी पडताळणी

शिक्षणाने माणसाचा उद्धार होतो. दादासाहेबांचा झाला होता. तेंदूपत्त्याचे ठेके घेत तोवर ते काडीसारखे होते. नर्सिंग कॉलेज काढल्यावर अंगावर बंडी आली आणि फार्मसी काढल्यावर बंडीची बटणं लागेनाशी झाली. एवढा उद्धार झालेला माणूस आमच्या जंगलपट्टीत दुसरा नाही. स्वतः ते सातवीपर्यंत गेले होते. तेवढ्यावर थांबल्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही.

सिंदेवाहीच्या पलीकडे खैरीटोला म्हणून गाव आहे. तिथल्या देवाजी मोहुर्ल्याची धाकटी पोरगी दिव्यानी दादासाहेबांच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. अर्धी फी सरकार भरायचं. उरलेली अर्धी देवाजीचं धान भरायचं. यंदा धानाने हात वर केले. लोंब्या भरत आल्या आणि तुडतुडा पडला. बांध घातलेल्या धानाच्या बांधीत मधोमध गोल गोल तपकिरी चट्टे उठले, कोणी वरून तापलेला तवा टेकवून उचलावा तसे. देवाजीने पाठीवर पंप घेऊन फवारलं. औषध पानावर पडलं. तुडतुडे बुडाशी बसून होते, ते तिथेच राहिले.

उरलं ते कापणं चालू होतं. देवाजीची बायको शकुबाई ओणवी होऊन पुढे सरकत होती, विळ्याचा आवाज एकसारखा येत होता. करंगळीला चिंधी बांधलेली. कापणीत बोट कापलं की चिंधी, चिंधी भिजली की दुसरी. देवाजी मागून पेंढ्या बांधत होता आणि दर दोन पेंढ्यांनी कंबर धरून सूर्याकडे पाहत होता, जणू तो कामावर उशिरा आला असावा.

दिव्यानी एसटीतून उतरली ती पिशवीसकट थेट बांधीवर आली.

"फी नाई भरली तं हॉल तिकीट देत नाई म्हनते," ती धुऱ्याच्या बांधावरूनच बोलली.

शकुबाईचा विळा चालूच राहिला. "मंग परीक्षा?"

"हॉल तिकीट नाई तं परीक्षा नाई. परीक्षा नाई तं वर्ष गेलं."

"वर्ष गेलं तं मी बसवत नाई पुन्यांदा," देवाजी म्हणाला. "थोरलीच्या सासरचे इवाई काय म्हनतीन? नापास झाली म्हनतीन."

"तुमाले इवायाचं पडलं," शकुबाई म्हणाली.

दिव्यानी खाली बसली. "दादासाहेबाच्या मायच्या नावानं एक योजना आहे. कैलासवासी मातोश्री अनसूयाबाई होतकरू कन्या सहाय्य. गरिबाच्या पोरीची राह्यलेली फी माफ होते. मी अर्ज देल्ला. आता ते घर पाहाले येतीन."

देवाजीने हातातली पेंढी खाली ठेवली. "घर पाहाले? लोक पोरगी पाहाले येते. घर काऊन?"

"आपन गरीब आहो का नाई, ते पाहाले."

"पाहू दे," शकुबाई म्हणाली. "त्यात लपवाले काय आहे? कवा येतीन?"

"ते सांगत नाई. अचानक येते म्हने. सांगून आलं तं लोक गरीब होऊन बसते."

देवाजीला हे पटलं. लोक काहीही करतात, असं तो म्हणाला आणि पेंढी बांधू लागला.

दिवाळी झाल्यावर खैरीटोल्याची मंडई भरते. दिवसा ढोलावर दंडार नाचते, रात्री नाटक होतं, आणि गावोगावचे सोयरे जेवायला येतात. मंडईच्या दिवशी खैरीटोल्यात कोणी गरीब नसतं. गावाचा तसा न लिहिलेला ठराव आहे. ज्याच्या घरी मानाचा पाहुणा, त्याच्या घरी साऱ्या गावाचं सामान. यंदा मान देवाजीचा होता. थोरल्या चंचलचे सासरे रामाजी पहिल्यांदाच मंडईला येणार होते. हे चिमूरकडचे, कापूस-सोयाबीनवाले, मिशीवरून हात फिरवल्याशिवाय 'हो' न म्हणणारे गृहस्थ.

सकाळपासून देवाजीच्या अंगणात गाव येऊ लागलं. सोमारीबाईने बचत गटाच्या लाल खुर्च्या डोक्यावरून आणून मांडल्या. कोणी दिवाण आणला. कोणी टीव्ही आणून भिंतीला टेकवला. केबल नव्हती, पण काच मोठी होती. शेजारच्या कोलूने आपली फटफटी धुऊन देवाजीच्या दारात उभी केली.

"किल्ली तुह्याजवळ ठेव, भाऊ. बोलता बोलता बोटावर फिरव. तेवढ्यानं फरक पडते."

"मले चालवता येत नाई ना बे."

"फिरवाले सांगून राह्यलो, चालवाले नाई."

एकाने फ्रीजसुद्धा देऊ केला होता. पण तो उचलायची माणसं दंडारीत नाचत होती.

पुढल्या साली हेच सामान दुसऱ्याच्या दारात जायचं. पाहुण्यांना हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या गावीही तेच चालतं. तरी कोणी विचारत नाही. इतकी जुनी आणि इतकी साधी गोष्ट कॉलेजच्या पडताळणीच्या कागदावर बसेल, असं मानायला कोणी तयार नव्हतं. आणि ती बसलीही नाही.

रामाजी आले, दिवाणावर बसले, टीव्हीच्या काचेत त्यांनी मिशी पाहून घेतली. चुलीवर कोंबडा रटरटत होता. शकुबाई कढईत वडे सोडत होती. अंगणात कोलू, सोमारी, आणखी दोघं-तिघं यजमानासारखे वावरत होते. तेवढ्यात दंडारीच्या ढोलावर कुरघोडी करत एक पांढरी गाडी हॉर्न देत आली आणि देवाजीच्या दारात थांबली.

गाडीतून निकेश सर उतरले. कॉलेजात ते शरीरशास्त्र शिकवायला होते. पगार पावसाळ्यापासून अडकला होता, म्हणून त्यांना शरीरशास्त्राखेरीज बाकी सगळी कामं देण्यात आली होती. त्यांच्यामागून प्रफुल उतरला. तो गाडी चालवी, फोटो काढी आणि दादासाहेब बोलत असताना योग्य ठिकाणी हसे.

"देवाजी मोहुर्ले यांचं घर हेच का?"

दारात चारचाकी, बाजूला इवाई. देवाजीची छाती आपोआप पुढे आली.

"हेच, हेच! या जी, या! इवाई, हे पोरीच्या कॉलेजातले सायेब. खास आपल्या मंडईले आले."

दिव्यानी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने सरांना पाहिलं, मग खुर्च्या, मग फटफटी, मग टीव्ही.

"बाबा, हे पडताळनीवाले—"

"पानी आन बेटा सायेबाइले! थंडं आन!"

निकेश सरांनी पाकिटातून कागद काढला. "घरी वाहन आहे का?"

देवाजीच्या बोटावरची किल्ली फिरायची थांबली. त्याने एकदा इवायाकडे पाहिलं. रामाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"हे काय दारात! वाघावानी उभी आहे. दिसत नाई का, मास्तर?"

"ही तुमचीच?"

"मंग कोनाची?" देवाजी म्हणाला. आवाज थोडा फाटला, पण शब्द उभा राहिला.

कोलू फटफटीशेजारीच उभा होता. मित्र म्हणजे काय, हे त्याने त्या दिवशी दाखवलं: तो हूं की चूं बोलला नाही.

"शेती?"

"थोडीशी आहे जी." हे खरं होतं. पण देवाजीने ते इतक्या नम्रपणे सांगितलं की रामाजी हसले.

"थोडीशी म्हनते! मोठा मानूस कधी जास्त म्हनत नसते, मास्तर. आमचे इवाई म्हनजे झाकलं मानिक."

शरीरशास्त्राच्या माणसाने लिहून घेतलं.

मग जेवण. आलेल्या माणसाला मंडईच्या दिवशी उपाशी पाठवणं म्हणजे गावाच्या तोंडाला काळं. शकुबाईने दोघांना पाटावर बसवलं. तिचा हिशेब साधा होता: खाल्लेला माणूस वाईट लिहीत नाही.

"घ्या जी, आनखी एक वडा. मास्तर मानूस, वाळले किती! पगार बरोबर देत नाई का तुमाले?"

निकेश सरांचे डोळे भरून आले. रस्सा तिखट होता, असं ते म्हणाले. प्रफुलने जेवता जेवता डाव्या हाताने फोटो काढले: खुर्च्या, टीव्ही, फटफटी, आणि वाढलेलं ताट दोन बाजूंनी.

दिव्यानीने त्यांना हात धुवायला पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, खुर्च्या बचत गटाच्या आहेत. गाडी बाजूच्या काकाची. टीव्हीसुद्धा उसना आनला."

"बाबांनी तर स्वतःची सांगितली."

"इवाई बसले होते ना, सर."

निकेश सरांनी रुमालाने हात पुसले. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचंही गाव होतं, त्यांच्याही गावी मंडई भरे. "ताई, फोटोत खुर्ची दिसते," ते म्हणाले. "बचत गट दिसत नाही. मी काय करू? मीही उसनाच माणूस आहे कॉलेजात."

दिवस मावळायच्या आत गाडी निघाली. जंगलात वाघ होता आणि निकेश सरांना विमा नव्हता.

आठवड्याने निकाल आला तो दिव्यानीच्या मोबाइलवर. 'कुटुंब सुस्थितीत. मदतीस अपात्र.'

तिने तो बापाला वाचून दाखवला. देवाजी खळ्यावर धान चुरून आला होता, भुवयांवर कोंडा बसलेला. तो म्हणाला, "पुन्हा वाच."

"कुटुंब सुस्थितीत."

"असं लिवलं?"

"असंच लिवलं."

त्याने तोंड वाकडं केलं, पण ते पुरतं वाकडं झालं नाही. जन्मात पहिल्यांदा कोणा शिकलेल्या माणसाने त्याला सुस्थितीत म्हटलं होतं, तेही लेखी. संध्याकाळी पानठेल्यावर त्याने ती गोष्ट तक्रार म्हणून सांगितली. पण दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. घरी शकुबाईने ताट सरकवलं. ताटात नुसता भात.

"भाजी?"

"सुस्थिती चाटा त्याच्यावर."

देवाजी मुकाट्याने जेवला. त्या रात्रीनंतर तो शब्द त्याच्या तोंडून ऐकू आला नाही.

दिव्यानी कॉलेजात परतली आणि प्राचार्य मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसू लागली. सकाळी दवाखान्यातली ड्युटी, दुपारी बाक. मॅडम आत जाताना तिच्याकडे पाहत नसत, बाहेर येताना मोबाइलकडे पाहत. शिपायाने तिला दोनदा उठवलं, कारण बाक पालकांसाठी होता.

"मी माहीच पालक आहो," ती म्हणाली. शिपायाला यावर नियम सापडला नाही.

शेवटी मॅडमनी तिला आत बोलावलं, ते तिच्या चिकाटीवर खूश होऊन नव्हे. सहाय्य वितरण सोहळ्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. पत्रिकेत 'अकरा होतकरू कन्या' असं सोनेरी अक्षरांत होतं, आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरून सासरच्यांनी तिचं शिक्षण बंद केलं होतं. दादासाहेबांना अकराच्या ठिकाणी दहा चालणार नव्हत्या. सोनेरी शाई महाग असते.

"फेरपडताळणी करून घेते तुझी," मॅडम म्हणाल्या. "पण या वेळी घर गरीब दिसलं पाहिजे. घरी नीट सांगून ठेव."

"आमी गरीब आहोच ना, मॅडम."

"असून काय उपयोग? दिसायला नको?"

या वेळी प्रफुलने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. अचानक भेट अचानक ठेवायला वेळ नव्हता.

गावाचं सामान मंडई संपताच ज्याच्या त्याच्या घरी गेलं होतं. पण खैरीटोल्याची मदत करायची खोड मोठी. सकाळीच सोमारीबाई, कोलू आणि मंडळी पुन्हा हजर झाली आणि देवाजीच्या घरचं सामान आपापल्या घरी नेऊ लागली. आधी मान उसना दिला होता, आता दैन्य उसनं द्यायला आली होती. पंखा गेला. गॅसची टाकी धानाच्या तणसाच्या ढिगात गेली. देव्हाऱ्यातली पितळेची समई सोमारीने पदराखाली घेतली.

"देव राहू दे वो बाई," शकुबाई म्हणाली.

"देव राह्यते. पितळ दिसते."

कोलूने भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढलं. "गरिबाले टाईम काऊन लागते?"

देवाजीला फाटकी बंडी हवी होती. पेटीत शोधलं तर फाटकं काही सापडेना. घरातला एकही कपडा धड नव्हता, पण फाटकाही नव्हता. शकुबाईने जिथे उसवलं तिथे टाका घातला होता, विरलं तिथे ठिगळ लावलं होतं. कापणीहून आल्यावर, चूल पेटायच्या आधी, दारात उजेड असेतो ती सुई घेऊन बसे. तिच्या माहेरच्या माणसांना ती एवढंच सांगे, की माह्या घरी कोनी उघडं फिरत नाई.

गाडी आली. निकेश सर आत आले, भिंतीवर घड्याळाचा पांढरा गोल राहिला होता तो त्यांनी पाहिला आणि डोळे खाली केले.

"मागच्या वेळी खुर्च्या होत्या ना इथे?"

"गेल्या जी," देवाजी म्हणाला.

"टीव्ही?"

"तो बी गेला."

"गाडी?"

"ज्याची त्याच्या घरी गेली."

सरांनी क्षणभर पेन थांबवलं. मग लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं: "मुलीच्या शिक्षणापायी कुटुंबाला घरातील सर्व वस्तू विकाव्या लागल्या."

"विकल्या नाई जी—"

"भाऊ," निकेश सर हळूच म्हणाले, "मी तुमच्या घरी जेवलो आहे. आता बोलू नका."



फोटोचं काम प्रफुलचं. त्याने देवाजीला उन्हात उभं करून पाहिलं, सावलीत उभं करून पाहिलं, मग बाजूला काढलं. "तुमच्या मिशा सुस्थितीत आहेत, काका. काकू चालतीन."

शकुबाईला चुलीपुढे बसवलं. ओली काटकी घालून धूर केला. ती खोकली, प्रफुलला तो आवाज आवडला, पण फोटोत येत नाही म्हणून हळहळला. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मान हलवली.

"काकू, लुगडं फाटकं दिसत नाई."

"फाटकंच आहे बापू. खांद्यावर ठिगळ आहे, पाह्य ना."

"ठिगळ फोटोत डिझाईनवानी येते. ते थोडं उसवा."

शकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. धुराने डोळे लाल झाले होते. "काय म्हनलं?"

"उसवा म्हनलं. एका बाजूनं. मंग पुन्हा शिवता येते."

दिव्यानी दाराशी उभी होती. "माय, राहू दे," ती म्हणाली. "नाई पाह्यजे मले."

"तू चूप बस," शकुबाई म्हणाली. तिने चुलीमागचा विळा ओढला, ज्याने पंधरा दिवस धान कापलं तोच. खांद्यावरचं ठिगळ चिमटीत धरलं आणि विळ्याच्या टोकाने एकेक टाका तोडला. टाके बारीक होते, तिला वेळ लागला. चिंधी बांधलेली करंगळी ती बाजूला धरून होती. ठिगळाची एक बाजू लोंबली, खांद्याचं हाड उघडं पडलं.

"एवढं पुरते का?"

"थोडं आनखी."

तिने आणखी दोन टाके तोडले. प्रफुलने फोटो काढला. "एक नंबर," तो म्हणाला. निकेश सर बाहेर जाऊन गाडीत बसले होते.

दिव्यानी पात्र ठरली. खैरीटोल्यातला एक सुखवस्तू शेतकरी तीन आठवड्यांत भिकेला लागला, हे संस्थेच्या कागदावर आलं, आणि ते वाचून दादासाहेबांना खरोखर गहिवरून आलं. असा मजकूर त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या चौकात बॅनर लागला. वर दादासाहेब, हात जोडून. त्यांच्या खाली बैलबंडीएवढी शकुबाई: चूल, धूर, उघडा खांदा. खाली 'आईच्या डोळ्यांतील अश्रू पुसणारे दादा'. तो फोटो खैरीटोल्यात पोचण्याआधी चिमूरकडे पोचला. रामाजींचा फोन आला.

"इवाई, सारं विकलं म्हनते? फटफटीसुद्धा?"

देवाजीने फोन कानाला धरून ठेवला. खरं सांगावं तर मंडईचं खोटं निघतं, आणि ते टिकवावं तर दिवाळं निघालं म्हणावं लागतं.

"हव," तो म्हणाला.

"चंचलच्या हातानं काई पाठवू का? तांदूळ-गिंदूळ?"

"नाई जी, नाई," देवाजी म्हणाला. तांदूळ पिकवणाऱ्या माणसाला कापूसवाल्याने तांदूळ विचारला होता. फोन ठेवल्यावर तो बांधीकडे गेला. बांधी कापून रिकामी होती, तिथे काही काम नव्हतं. तरी दिवस मावळेपर्यंत तो तिथेच फिरत होता.

सोहळ्याला तिघं गेली. चौकात एसटीतून उतरल्यावर शकुबाई बॅनरखाली थांबली आणि मान वर करून पाहू लागली. येणारे-जाणारे आधी वर पाहत, मग तिच्याकडे, मग पुन्हा वर.

"पदर नीट घ्याले पाह्यजे होता मी," ती म्हणाली.

हॉल भरला होता. मुलींना वर्ग सोडून बसवलं होतं, मास्तरांना मुलींमागे, ऑफिसच्या माणसांना मास्तरांमागे. टाळ्या कमी पडू नयेत म्हणून संस्थेत त्या दिवशी दुसरं काहीही चालू ठेवलं नव्हतं. प्रफुल दाराशीच भेटला. शकुबाईने चंचलच्या लग्नातलं लुगडं नेसलं होतं, जांभळं, काठाचं.

"काय काकू! फोटोतलंच लुगडं नेसाले पाह्यजे ना."

"ते शिवाले घेतलं," शकुबाई म्हणाली आणि पुढे गेली.

अकरा कन्या आणि त्यांच्या अकरा आया मंचाच्या कडेला उभ्या करण्यात आल्या. खुर्च्या पाहुण्यांना होत्या. समई पेटवली, ती पंख्याने विझली, पुन्हा पेटवली. सरस्वतीच्या फोटोला हार, मातोश्रींच्या फोटोला त्याहून मोठा हार. मग दादासाहेब उठले. बंडीची दोन बटणं उघडी होती, बाकीची प्रयत्नात होती.

"बंधू-भगिनींनो! माझी माय अनसूया निरक्षर होती. पण तिने मला एक मंत्र दिला: दादा, कुणाचं शिकणं अडू देऊ नको!"

टाळ्या. मातोश्री वारल्या तेव्हा कॉलेज निघालेलं नव्हतं आणि दादासाहेबांना कोणी दादा म्हणत नव्हतं. पण मंत्राला तारीख नसते.

"या माउलीकडे पाहा!" त्यांनी शकुबाईकडे हात केला. "काल-परवापर्यंत दारी वाहन, घरी टीव्ही, बसायला खुर्च्या! सुखवस्तू कुटुंब! पण लेकीच्या शिक्षणासाठी या माउलीने एकेक वस्तू विकली. अंगावरचं वस्त्र फाटलं, पण लेकीचं पुस्तक फाटू दिलं नाही! याला म्हणतात त्याग!"

त्यांनी डोळे पुसले. प्रफुलने तो क्षण टिपला. खाली देवाजी मान घालून बसला होता. शेजारच्या माणसाने त्याला सहानुभूतीने विचारलं, "फटफटी कोनती होती, भाऊ?"

शकुबाई टाळ्या ऐकत उभी होती. एका पायावरचा भार तिने दुसऱ्या पायावर घेतला. फी माफ झाल्याचं दादासाहेबांनी माइकवर सांगितलं, तेव्हा तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच तिला त्या सगळ्यातून घ्यायचं होतं.

दिव्यानी मात्र हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. सकाळी आल्या आल्या ती ऑफिसकडे धावली होती, तिथे कुलूप होतं. दुपारी पुन्हा गेली, कुलूपच. आता साडेचार होऊन गेले होते.

"आणि आता," दादासाहेब गरजले, "या सभेसमोर मी या लेकीला शब्द देतो! बेटा, पुढे ये. घाबरू नको. आज तुझा दादा तुझ्यासमोर उभा आहे. माग, काय हवं ते माग! डॉक्टर व्हायचंय? परदेशात जायचंय? हा दादासाहेब नाही म्हणणार नाही!"

मॅडमनी आभाराचं लिहून दिलेलं पान दिव्यानीच्या हातात होतं. तिने ते घडी करून ओढणीत धरलं आणि माइक हातात घेतला. माइक किंचाळला. ती थांबली, मग बोलली.

"दादासाहेब, हॉल तिकिटाची खिडकी सकाळपासून बंद आहे जी. आज शेवटचा दिवस आहे, पाच वाजेपर्यंतच देते. बाबू तिकडे मागच्या रांगेत टाळ्या वाजवून राह्यले. त्याइले जरा मोकळं करता का?"